मोती कोणता?

तांबड्या मातीच्या एका डोंगरावर एक मोठी गमतीची रीत होती. ज्याचा जो घोडा, त्याला त्याच घोड्याच्या नावानं हाक मारायची! 'बादलला ताप आलाय' असा निरोप आला, की वैद्यबुवा आधी विचारत, "दोन पायांच्या की चार?"

आठ वर्षांच्या मोतीचा घोडाही मोतीच. घरात गरिबी होती. अर्ध्या भाकरीतला घास ती आधी त्याला भरवायची. पण महिनाभर घोडा लंगडत होता. बाबा डोळे पुसत म्हणाले, "पोरी, उद्या त्याला बाजारात द्यावं लागेल गं."

मोती त्याला घेऊन कोवळं गवत शोधायला रानात गेली. तिथं करवंदीच्या जाळीत काहीतरी चमचमलं. इवलीशी परी! तिचे निळे-जांभळे पंख काट्यांत अडकले होते. मोतीनं तिला अलगद सोडवलं, पण एक काटा मोतीच्याच पायात रुतला.

"गुणाची गं तू!" परी म्हणाली. "दोन इच्छा माग. पण नुसतं हाकेचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याला मिळेल."

"मोतीचा पाय बरा होऊ दे!"

सोनेरी चुरा भुरभुरला आणि मोतीच्या पायातला काटा टुपकन बाहेर पडला. घोडा लंगडतच राहिला.

"अगं, त्या मोतीचा!"

"तू मोती ना?"

"हो. तोही मोती."

"मग तू घोडा आहेस?"

"नाही… म्हणजे, थोडीशी."

परीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोघांच्याही झिपऱ्या डोळ्यांवर, दोघांच्याही तोंडात गवताची काडी. "बाई गं, माझं डोकंच गरगरायला लागलं!" ती म्हणाली. घोड्यानं दात काढले.

"'चार पायांचा मोती' म्हणू?"

"छे! नुसतं नाव. आणि आता एकच इच्छा उरली हं."

मोती पार गोंधळली. तिला दुसरं नावच नव्हतं. तिनं घोड्याच्या गळ्याला मिठी मारली आणि तिला रडू कोसळलं.

"मग माझं नाव मी त्यालाच दिलं," ती म्हणाली. "मला कुणी हाक नाही मारली तरी चालेल. मोतीचा पाय बरा होऊ दे."

लख्ख उजेड पडला आणि घोडा चारी पायांवर थयथय नाचू लागला!

"वेडाबाई, नाव परत घे तुझं," परी हसून म्हणाली. "दोघं मिळून वापरा." आणि ती त्या उजेडात विरून गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात कुणीच गेलं नाही. बाबांनी दारातून हाक मारली, "ए मोतीऽऽ!"

दोघांनी एकदम ओ दिली. त्यात खिंकाळलं कोण, हे बाबांना आजवर कळलेलं नाही.