जाऊबाईंच्या डबीतली मात्रा

पुष्कळ वर्षांमागे, एका डोंगरी राज्यात, एकाच घरात दोन जावा नांदत होत्या. थोरलीला मुलगा होता, धाकटीला मुलगी.

एका हिवाळ्यात दोन्ही मुले तापाने फणफणली. राजवैद्यांनी दोघांनाही तपासले. मुलाच्या छातीत रोग उतरला होता, म्हणून त्याला त्यांनी जहाल मात्रा दिली. मुलीला साधे पडसे होते. "हिला पेज द्या, पाणी पाजा आणि लक्ष ठेवा," ते म्हणाले.

दोन्ही मुले बरी झाली. परंतु पाणवठ्यावर चर्चा झाली ती केवळ मात्रेची.

"राजाच्या भांडारातली मात्रा हो! कुणाच्याही पोराला थोडीच मिळते?" थोरली घागर विसळता विसळता म्हणे.

धाकटीच्या मनात काटा रुतला. तिच्या पोराला मात्रा आणि माझ्या लेकीला पेज! लेक बरी झाली, हे तिला दिसेना; जावेला जास्त मिळाले, एवढेच दिसे.

पुढे मुलीला पुन्हा ताप आला. या वेळी ती मान वाकवू देईना, उजेडाकडे पाहून रडे. तरी धाकटी वैद्यांकडे गेली नाही. तिथे पुन्हा पेजच मिळणार, असे तिने ठरवून टाकले होते. थोरलीच्या फडताळात उरलेल्या मात्रेची डबी होती. धाकटीने ती गुपचूप उचलली आणि मधातून लेकीला थोडी थोडी मात्रा चाटवली.

ताप उतरल्यासारखा झाला.

"बघितलंत ना जाऊबाई? आमची पोर नुसत्या पेजेवर बरी होते!" धाकटीने टोमणा मारला.

पण मुलगी खेळेना, खाईना. शेवटी ती मलूल होऊन पडली, तेव्हा दोघी जावा तिला घेऊन वैद्यांकडे धावल्या.

वैद्यांनी आधी विचारले, "येण्यापूर्वी हिला काही औषध दिले होते का?"

थोरली शेजारीच उभी होती. तिच्याकडे पाहून धाकटी म्हणाली, "काही नाही."

वैद्य विचारात पडले. "मेंदूला ग्रासणारा एक रोग असतो. पण त्यात ताप असा मंद नसतो, मानही याहून ताठ असते. खात्री होत नाही. थोडे थांबून पाहू."

थांबण्यात दिवस गेला. मग मुलीला झटके आले, तशी धाकटी किंचाळली, "मात्रा दिली हो, वैद्यराज! जाऊबाईंच्या डबीतली!"

वैद्य थोरलीकडे वळले. "ती उरली कशी? संपेपर्यंत द्यायला सांगितले होते ना?"

"पोरगा बरा दिसला... म्हणून ठेवली जपून," थोरली पुटपुटली.

"अर्धवट मात्रेने रोग मेला नाही, नुसता झाकला गेला," वैद्य म्हणाले आणि त्यांनी तत्काळ त्या रोगाचे उपचार आरंभले.

मुलगी जगली. मात्र तिला ऐकू येईनासे झाले. धाकटी आधीच बोलली असती तर कान वाचले असते का, हे वैद्यांनाही निश्चित सांगता आले नाही.

त्यानंतर धाकटी अंगणात लेकीला हाक मारी आणि मुलगी पाठमोरी खेळत राही. मग थोरली उठे, तिचा हात धरी आणि तिला आईकडे आणून सोडी. पाणवठ्यावर मात्रेचे नाव पुन्हा कुणी काढले नाही.

तात्पर्य : दुसऱ्याच्या मुलाचे औषध हेव्यापोटी आपल्या मुलाला देऊ नये; आणि दिलेच असेल, तर वैद्यापासून ते लपवू नये.