मठाखालचं वळण

"...मग बोर्ड काढला कुणी, अज्जा?"

इरगोंडा मठाच्या पायरीशी उभा होता. हेल्मेट डोक्यावर तसंच. सायकल त्यानं भिंतीला टेकवली नव्हती, हातातच धरून ठेवली होती. हल्ली त्याचा भिंतीवरही भरवसा उरला नव्हता.

मठातले म्हातारे सिद्धाप्पा अज्जा शेंगा फोडत बसले होते. इरगोंडाला अक्षरं त्यांनीच शिकवलेली. गावात छाती काढून फिरणारा हा गडी इथं आला की निदान आवाज तरी खाली ठेवायचा.

"कसला बोर्ड?"

"खालच्या वळणावरचा. 'वळण आता सुरक्षित आहे.' मी लावलेला."

डोंगरातून उतरणारी ती सायकलवाट इरगोंडानंच आखली होती. मठाखाली ती एकदम उजवीकडे वळते, आणि तिथं अधूनमधून कुणीतरी घसरायचं. म्हणून त्यानं वळण रुंद केलं, मुरूम टाकला, समोरच्या झाडाला गादी बांधली आणि वर तो बोर्ड ठोकला. त्यानंतर पडणारे वाढले. परवा एका पोराचं मनगट मोडलं.

"कुणीतरी मुद्दाम करतंय अज्जा. गुपचूप येऊन काहीतरी टाकतंय तिथं."

"कुणावर संशय हाय?"

"पलीकडच्या क्लबवाल्यांवर. त्यांना आपली शर्यत बघवत न्हाई. मेंढरंवाल्या बिरूवर, त्याची वाट गेली म्हणून. गादी बांधायला आलेल्या गड्यावर..." तो अडखळला. "खरं सांगू? मठातल्या माणसांवर पण."

"एक नाव राहिलं."

"कुणाचं?"

अज्जांनी शेंग फोडली.

"अज्जा, रविवारच्या शर्यतीत महादेवी सगळ्यात पुढं सुटणार हाय. तिला काही झालं तर..."

ताठा कितीही असो, धाकट्या बहिणीवर त्याचा जीव होता.

तेवढ्यात त्याला दाराआड बोर्ड दिसला. मग अज्जांचं धोतर दिसलं. काठाला लाल मुरूम लागलेला.

"तुम्ही?"

"सकाळी गेलो होतो वळणाशी."

"काय केलंत तिथं?"

"सायकल हाय की. जाऊन बघ."

इरगोंडा गेला. हाताला धरून अक्षरं गिरवून घेणाऱ्या माणसानंच घात केला, असं वाटून त्याला रडू येत होतं. त्यानं ब्रेकवरची बोटं सोडली नाहीत. वळण यायच्या आधीच वेग कमी केला. शेवटी एक पाय जमिनीला लावत, दगड न् दगड न्याहाळत तो पार झाला...

परत आला तो सायकल ढकलत.

"तुम्ही काहीच केलेलं न्हाई."

"पडलास?"

"न्हाई."

"मग दिसलं काय?"

इरगोंडानं टायरात अडकलेला खडा बोटानं काढला.

"मुरूम दबलेला न्हाई. चाकाखाली गोट्यांसारखा पळतोय. आणि उतार... वळणाच्या आत पाहिजे होता. बाहेर गेलाय."

"कुणी केलं?"

...

इरगोंडानं हेल्मेट काढलं. सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसला. अज्जांनी चार शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या. त्या त्यानं खाल्ल्या नाहीत.

"आजच मुरूम उचलतो," तो म्हणाला. "उतार आत घेतो, पाणी मारून धुमसानं ठोकतो. पण अज्जा, बोर्ड लागंल. महादेवी वाऱ्यासारखी येती. तिनं वळणाच्या आधी वेग आवरायला पाहिजे."

"लाव की."

"लिहू काय त्यावर?"

अज्जा उठले. दाराआडचा बोर्ड त्यांनी आणला आणि कोरी बाजू वर करून त्याच्या मांडीवर ठेवला.

"ते राहिलेलं नाव लिही. वळण कुणी केलं ते वाचलं की ब्रेक आपसूक लागंल."