अळंबीचं पान

“म्हणजे कोणीही येऊ शकतं?” इनायतबाबांनी विचारलं.

“कोणीही,” सदानंद म्हणाला. “नाव सांगायचं नाही, नंबर द्यायचा नाही, जाहिरात बघायची नाही. पत्ता टाकला की पान उघडतं.”

“आणि घेऊनही जाऊ शकतं?”

सदानंद नेमका त्यासाठीच आला होता.

सदानंद पोवारचं तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो काउंटरवरच लॅपटॉप उघडून वेबसाइट बनवत बसायचा. हा त्याचा धंदा नव्हता, हौस होती. रानातल्या अळंब्यांची त्याची एक साइट होती. प्रत्येक अळंबीचे वरून, खालून आणि उभी चिरून काढलेले फोटो. ती कुठे उगवते, कशी ओळखायची, कुठली तोंडात घालायची नाही. तयार साचा न वापरता एकेक ओळ त्यानं स्वतः लिहिली होती. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपतही नव्हता.

“लोक सगळं त्या फोनवरच्या ग्रुपांत टाकतात,” तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. “ते दुसऱ्याच्या कंपाउंडात राहणं झालं. मी मोकळ्या माळावर राहतो.”

डोंगराच्या उतारावर फकिराचा तकिया होता. तिथले म्हातारे इनायतबाबा कमी बोलायचे. सदानंद त्यांची दम्याची औषधं पोचवायला जायचा आणि बसायचा. आज औषधं विसरून आला होता.

“काय झालं ते सांग,” बाबा म्हणाले.

“एक विषारी अळंबी आहे. पांढरीशुभ्र, छत्रीसारखी. शेणखताच्या ढिगाजवळ उगवते. मी फोटो टाकला आणि खाली ठळक लिहिलं, ही खाऊ नका. कोणीतरी फोटो कापून घेतला. माझे शब्द तिथेच राहिले. फोटो ग्रुपवर गेला... ‘आपल्या मातीतली पौष्टिक रानभाजी’ म्हणून.”

“मग?”

“खालच्या वाडीतल्या हौसाबाईनं तो बघितला. तिच्या परसात तशीच उगवली होती. तिनं केली. तिचा नवरा दवाखान्यात पडला. ओकून ओकून अर्धा झाला होता. वाचला.”

बाबा ऐकत होते.

“त्याच दिवशी मी सगळी साइट काढून टाकली.”

“बरं.”

“बरं कसलं! परवा एक माणूस पिशवी घेऊन दुकानात आला. पिशवीत अळंब्या. म्हणाला, तुमचं पान का उघडत नाही? आमच्या घरी ते बघितल्याशिवाय चुलीवर ठेवत नाहीत. आता आम्ही कुणाला विचारायचं? मी त्याला म्हटलं, टाकून द्या. तो म्हणाला, बघा तर खरं. मी बघितलंच नाही. टाकून द्या, टाकून द्या, एवढंच म्हणत राहिलो.”

तो थांबला. मग घाईनं बोलू लागला.

“मी एक विचार केलाय. साइटला पासवर्ड लावतो. ज्याला बघायचं त्यानं आधी नाव नोंदवायचं. मग मी काही प्रश्न विचारणार, बरोबर उत्तरं दिली तरच फोटो दिसणार. फोटोवर बोट ठेवलं तरी उचलता येणार नाही असा कोड लिहितो. येतं मला.”

“हे सगळं तुला कोणी शिकवलं?”

“कोणीच नाही,” सदानंदची मान जरा ताठ झाली. “मीच शिकलो. दुसऱ्यांच्या साइट उघडायच्या आणि आत कसं लिहिलंय ते बघायचं. कुठलंही पान आतून बघता येतं, बाबा. आवडलं ते घ्यायचं, आपल्याकडे लावून बघायचं. मोडलं तर पुन्हा बघायचं.”

“त्यांना विचारलंस?”

“कुणाला?”

“ज्यांचं घेतलंस.”

“विचारावं लागत नाही. ते सगळ्यांसाठी उघडंच...”

वाक्य तिथेच राहिलं.

पावसाची उघडीप होती. कौलांवरून अजून पाणी निथळत होतं.

“मला काही कळेनासं झालंय,” सदानंद हळूच म्हणाला. “उघडं ठेवलं तर माणूस मरायला टेकतो. बंद केलं तरी टेकतो. तुम्ही सांगाल तसं करतो.”

“हौसाबाईला भेटलास?”

“नाही.”

“का?”

“काय तोंडानं जाऊ?”

बाबा उठले. चपला घातल्या, काठी घेतली आणि वाट उतरू लागले. सदानंदला वाटलं, हात धुवायला चाललेत. ते ओढा ओलांडून पुढे गेले तेव्हा तो धावत मागे गेला.

हौसाबाई दारात तांदूळ निवडत होती. बाबांना बघून पदर सावरत उभी राहिली. तिचा नवरा गणपत जोत्यावर बसला होता. अंगावरचा सदरा त्याला आता मोठा होत होता.

“या बाबा. लई दिसांनी.”

“हे सदानंद पोवार,” बाबा म्हणाले. “तो फोटो यांचा.”

सदानंदनं मान खाली घातली. आता शिव्या येतील, म्हणून वाट बघत राहिला.

हौसाबाई त्याच्याकडे बघत म्हणाली, “तुमचा व्हय? लई चांगला निघालाय. अगदी आमच्या परसातल्यावाणी.”

त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

“त्याच्याखाली लिहिलं होतं मी,” तो म्हणाला. “खाऊ नका म्हणून. मोठ्या अक्षरांत.”

“आसंल. आमच्यापत्तूर नुसतं चित्र आलं.”

बाबा जोत्यावर टेकले. काठी बाजूला ठेवली.

“हौसाबाई, अळंबी कर.”

तिच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ सांडले.

“नगं बाबा. काय बी मागा. मी आता चुलीपुढं बसत न्हाई. सून बघती समदं. शेजारीण माझ्या हातचं ताक बी घेत न्हाई.”

“अळंबी कर.”

“मला आता वळखाया येत न्हाई. आदी वारुळाची कळायची, आईनं दावलेली. आता ती बी बघितली की पोटात गोळा येतोय. डोळ्यावर इस्वासच न्हाई ऱ्हायला.”

बाबांनी सदानंदकडे बोट केलं.

“हा काढून देईल.”

सदानंद दोन पावलं मागे सरला.

“बाबा, हे... असं नको. तुम्हाला दमा आहे. हे आजारातून नुकते उठलेत.”

“मी खातो की,” गणपत जोत्यावरून म्हणाला. “मला पहिल्यापास्नं लई आवडती.”

“तुमी गप ऱ्हावा!” हौसाबाई ओरडली.

पण गणपत हसत होता, आणि बाबा उठायला तयार नव्हते.

घरामागच्या बांधावर वारूळ होतं. त्याच्या कडेनं पांढऱ्या टोप्या वर आल्या होत्या. हौसाबाई लांब उभी राहिली. सदानंद ओल्या मातीत गुडघ्यावर बसला.

या अळंबीबद्दल त्यानं जितकं लिहिलं होतं तितकं दुसऱ्या कशाबद्दलच लिहिलं नव्हतं. टोपीच्या मधोमध टोक. खालच्या पात्या पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी, हिरवट कधीच नाहीत. देठ जमिनीत खोल उतरून वारुळापर्यंत गेलेला. सगळं पाठ होतं. तरी हातातली अळंबी तो उलटसुलट करत राहिला. टोक आहे ना? आहे. पुरेसं आहे? पात्या पांढऱ्या आहेत ना? की सावलीमुळे वाटतंय? तो ती घेऊन उन्हाच्या तिरिपेत आला, मग पुन्हा सावलीत गेला. स्क्रीनवर त्याला असा घोळ कधी पडला नव्हता.

“तीच हाय न्हवं?” हौसाबाईनं लांबूनच विचारलं.

“हो.” मग म्हणाला, “थांबा.”

त्यानं एक देठ बोटांनी उकरत नेला. माती भुसभुशीत होती. देठ खाली, आणखी खाली जात राहिला. नखं मातीनं भरली. कोपर मातीला टेकलं तरी देठ संपेना. तेव्हा कुठे त्यानं श्वास सोडला.

“इकडे या,” तो म्हणाला. “हात घाला. लागतो का देठ?”

हौसाबाई आली. भीत भीत हात घातला. चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“लागतोय.”

“तुमच्या परसातलीला असा होता?”

“न्हाई. ती अशी बोटानं ढकलली तरी उपटून आली.”

“मग हेच बघायचं. वरून फसाल. खाली हात घाला.”

“एवढंच?”

“एवढंच नाही. पात्याही बघायच्या, आणि थोडी जरी शंका आली तरी टाकून द्यायची. पण सुरुवात इथून.”

तिनं पुढची स्वतः काढली. उकरून बघितली, उलटी करून बघितली, त्याच्यापुढे धरली. त्यानं मान हलवली. एक जून, कडेला काळपट पडलेली होती. ती त्यानं सांगायच्या आत तिनंच फेकून दिली.

चूल पेटली. कांदा परतल्याचा वास आला. सदानंद दारात आत-बाहेर करत होता. दोनदा त्याच्या ओठांवर आलं की कढई उतरवा. दोनदा त्यानं ते गिळलं.

हौसाबाईनं बाबांना वाढलं, गणपतला वाढलं. सदानंदपुढे ताट ठेवताना थांबली.

“तुमाला?”

“मी अळंबी खात नाही,” तो म्हणाला. “वास सहन होत नाही मला. कधीच खाल्ली नाही.”

गणपतचा घास हातातच राहिला. हौसाबाई आ करून बघत राहिली. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, अळंबीला लावला आणि तोंडात घातला. चावले. दुसरा मोडला.

सदानंद त्यांच्या गळ्याकडे बघत होता. घास खाली उतरताना दिसला.

“मलाही वाढा,” तो एकदम म्हणाला.

“खात न्हाई म्हनला न्हवं?”

“वाढा.”

त्यानं खाल्लं. चव त्याला मुळीच आवडली नाही. रबर चावल्यासारखं वाटलं. तरी पान पुसून घेतलं. मग हौसाबाई भिंतीशी बसली आणि कढईत उरलेलं तिनं स्वतःच्या ताटात घेतलं.

जेवल्यावर कोणी उठलं नाही. कोणी तसं म्हटलं नाही, पण सगळे वाट बघत होते. ऊन जोत्यावरून अंगणात गेलं. गणपत भिंतीला टेकला, त्याचे डोळे मिटले, मान कलली. सदानंद झटकन उठून त्याच्या तोंडाजवळ वाकला.

गणपत घोरत होता.

हौसाबाईला हसू फुटलं. पदर तोंडात धरून ती हसत राहिली, आणि मग तसाच पदर तोंडात धरून रडली. शेजारीण कुंपणापलीकडून डोकावली. आत ये, असं तिला कोणी म्हटलं नाही, तरी ती आत आली आणि पायरीवर बसली.

निघताना हौसाबाई सदानंदला म्हणाली, “ते तुमचं काय हाय ते फोनातलं... त्यात माझं नाव घाला. हौसाबाईनं फुडं-मागं न बघता खाऊ घातली, नि काय झालं ते. आनि खाली हात घालायचं बी लिवा.”

“नाव कशाला? सगळं जग बघतं ते.”

“बघू द्या की. वाडीनं तर बघितलंच हाय.”

परतीच्या वाटेवर चढ लागला. बाबांना धाप लागत होती. ते थांबत, दोन श्वास घेत आणि पुन्हा चालू लागत. सदानंद त्यांच्या मागून बोलत होता, जणू स्वतःशीच.

“पान परत चढवतो. आता शब्द फोटोच्या खाली नको, फोटोवरच लिहितो. टोपीवरच. विषारी. कापला तरी अक्षरं बरोबर जातील... पण अक्षरं पुसताही येतात. पुसणारे पुसतील. मग? मग पासवर्ड लावावा का? पण तो पिशवीवाला पासवर्ड कुठून आणणार? आणि हौसाबाईनं तर कुठलंच पान उघडलं नव्हतं, तिच्यापर्यंत नुसतं चित्र...”

बाबा चालत होते.

“मी तिथे मातीत बसलो होतो ना, तेव्हा मला माझ्याच लिहिण्याची खात्री वाटेना. इतकी वर्षं लोक तेच वाचून खात होते. पान बंद होईपर्यंत त्यांच्यातलं कोणी कधी विचारायलाही आलं नाही. कशाच्या भरवशावर खात होते, बाबा?”



तकियाचं झाड दिसू लागलं. सदानंद पुढे होऊन वाटेत उभा राहिला.

“एक तरी सांगा. मी दारात आत-बाहेर करत होतो, ते तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही पहिला घास घेतलात. माझ्यावर तुमचा एवढा विश्वास होता?”

बाबांनी काठीवर भार टाकला. श्वास जागेवर येईपर्यंत थांबले.

“नाही,” ते म्हणाले. “भूक लागली होती.”