दावलशाबाबांची झारी

“मग तुम्ही शिकवलेला पाला खोटा म्हणायचा का, बाबा?”

नागनाथाचा आवाज चढला होता. हातात काढ्यानं भरलेला शिंपला होता. कालपासूनचा पाचवा.

दावलशाबाबा नुकतेच परगावाहून आले होते. खांद्यावरची झोळीसुद्धा उतरवली नव्हती. तसेच जमिनीवर टेकले आणि बोक्याकडे बघत राहिले.

बोक्याचं नाव कोतवाल. टेकडीखालचा तो तकिया, म्हणजे फकिराची राहायची जागा, आपल्याच मालकीचा आहे अशा थाटात तो वावरायचा. कणगीवर झोपायचा, येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरायचा.

आता तो चुलीतल्या गार राखेत बसला होता. ओणवा होऊन जोर करायचा. कण्हायचा. उठायचा, दोन पावलं टाकायचा, पुन्हा येऊन बसायचा.

राख कोरडीच.

“काल सकाळपासून हे असं चाललंय,” गोदाक्का म्हणाली. ती शेजारच्या मळ्यातली. बाबा गावाला गेले की नागनाथाला भाकरी आणून द्यायची. “मी म्हटलं ह्यांना, फाट्यावरच्या डॉक्टरीणबाईकडं न्या. तर म्हणतात, तुला काय कळतंय!”

“नाहीच कळत. लघवी अडली की गोखरू. सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे.”

“पंचक्रोशीला आहे हो, वैद्यबुवा. बोक्याला सांगा की जरा.”

नागनाथानं दात आवळले.

एकोणीस वर्षं तो बाबांपाशी होता. बाबांनी दाखवलेली एकेक मुळी त्यानं स्वतःच्या हातानं खणली होती. लांबलांबून लोक बैल घेऊन त्याच्याकडे यायचे. आणि मागच्याच बाजारात, भर चावडीपुढं, तो बोलून गेला होता... दावलशाबाबांच्या शिष्यानं हात लावलेलं जनावर डॉक्टरच्या सुईकडं जात नाही.

ते बोलणं आता मागं घेता येत नव्हतं.

बाबांनी कोतवालाच्या पोटाला हात लावला. पोट कच्च्या बेलफळासारखं टणक.

बोका वळला आणि बाबांच्या बोटाला कडकडून चावला. आजवर कधी चावला नव्हता.

बाबांनी बोट काढून घेतलं नाही. त्यानं सोडेपर्यंत थांबले.

“बाबा, सुईकडं नेलं तर लोक काय म्हणतील? तुमच्या नावाला...”

“माझं नाव धडधाकट आहे रे. त्याला काही झालं नाही.”

 नागनाथानं शिंपला तरीही खाली ठेवला नाही.

बाबा उठले. कोनाड्यातली पितळी झारी घेतली, नागनाथाकडं पाठ करून क्षणभर माठाखालच्या ओल्या मातीशी वाकले, मग झारी त्याच्यापुढं ठेवली.

“बोट धुवायचंय. भर.”

नागनाथानं माठातलं पाणी घेऊन झारी भरली.

“ओत.”

त्यानं झारी बाबांच्या बोटावर कलती केली. तोटीतून थेंब आला नाही.

“आणखी भर.”

“भरलेलीच आहे, बाबा.”

“गोखरूनं काय होतं?”

“लघवी वाढते.”

“आणखी भर.”

नागनाथानं ओतलं. पाणी झारीच्या तोंडापर्यंत आलं, काठावर थरथरलं, आणि त्याच्या पायांवर सांडलं.

“आणखी.”

तेवढ्यात राखेतून आवाज आला. कोतवालाच्या अंगाला हिसका बसला आणि तो ओकला. हिरवट पाणी. वासानंच कळत होतं काय ते.

नागनाथाचा हात थांबला.

त्यानं तोटीच्या टोकाला बोट लावलं. आत ओली माती चेपून बसवली होती...

“किती पाजलास?” बाबांनी विचारलं.

“चार शिंपले.”

“जा.”

फाट्यावरचा जनावरांचा दवाखाना दीड कोस. दुपारी एकला कुलूप लागायचं. सूर्य डोक्यावर आला होता.

गोदाक्कानं भाकरीची टोपली रिकामी करून दिली. बाबांनी झारीतलं पाणी माठात परत ओतलं. नागनाथ टोपली छातीशी धरून निघाला. आधी चालला, मग पळाला. अर्ध्या वाटेपर्यंत कोतवाल कण्हत होता. ओढा ओलांडला आणि कण्हणं थांबलं.

तेव्हा नागनाथ खरा घाबरला.

डॉक्टरीणबाई कुलूप हातात घेऊनच उभ्या होत्या. त्यांनी टोपलीत हात घातला, पोट चाचपलं, आणि कुलूप बाजूला ठेवलं.

“कधीपासून?”

“काल सकाळपासून.”

“आत्ता आणताय?... काय दिलंय त्याला?”

दारातल्या कडुनिंबाला म्हैस बांधून केरबा बसला होता. त्या दिवशी चावडीपुढं तोही होता. कान टवकारून ऐकत होता.

काही नाही दिलं, एवढं म्हटलं की झालं असतं.

“काका, खरं सांगा. त्यावर माझं औषध ठरतं.”

नागनाथानं टोपलीत बघितलं. कोतवालाचे डोळे अर्धे मिटले होते.

“गोखरूचा काढा,” तो म्हणाला. “चार शिंपले. पाचवा तयार होता.”

केरबानं मान वळवली. नागनाथ आता शब्दांचा मार खायला उभा राहिला.

“बरं झालं सांगितलंत,” बाई म्हणाल्या. “धरा त्याला. घट्ट नको, पण सोडू नका.”

त्यांनी गुंगीची सुई दिली. गव्हाच्या काडीहून बारीक नळी घेतली. तिच्यातून मिठाचं पाणी हलकेच सोडत ती लघवीच्या वाटेत सरकवू लागल्या.

नळी अडली.

त्यांनी पुन्हा सरकवली. पुन्हा अडली. बाईंच्या कपाळावर घाम आला. बाहेर म्हैस शिंगं कडुनिंबाला घासत होती, तेवढाच आवाज.

“बाई...”

“बोलू नका.”

तिसऱ्यांदा काहीतरी करकरलं. आधी वाळूसारखी कच आली, आणि तिच्यामागं लालसर धार सुटली. वाहतच राहिली. नागनाथाच्या तळव्याखाली ते बेलफळ हळूहळू मऊ होत गेलं.

 

बाईंनी सलाईन दिलं. बराच वेळ बोक्यापाशी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “धोका टळला असं अजून म्हणणार नाही. नळी दोन दिवस राहू दे. उद्या सकाळी पुन्हा आणा. तोवर त्याच्या पोटात पाणी जाऊ दे, थोडं थोडं. माझ्या हातून तो पिणार नाही, मला भितो. ओळखीचा हात लागेल. आणि पाला द्यायचा असेल तर आधी मला विचारा.”

“आता कसला पाला,” नागनाथ म्हणाला.

ऊन कलता कलता तो तकियात परतला. टोपली अलगद खाली ठेवली. मग कमरेची मुळ्यांची पिशवी सोडली आणि बाबांपुढं टाकली.

“घाला चुलीत.”

बाबांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“एकोणीस वर्षं खणत राहिलो. त्या बाईच्या नळीएवढीसुद्धा किंमत नाही त्याला. आज माझ्या हातानं मेला असता तो. ह्यापुढं जनावर आलं की मी फाट्याकडं बोट दाखवणार. बसून राहणार.”

“लई लवकर शहाणे झालात, वैद्यबुवा,” गोदाक्का पुटपुटली. पण तिच्या बोलण्यात मघाची धार नव्हती.

बाबांनी झारी जवळ ओढली. बाभळीचा काटा घेतला आणि तोटीतली माती उकरू लागले. घाई नव्हती. कण कण बाहेर आला. त्यांनी तोटी डोळ्याला लावून आरपार बघितलं, फुंकर मारली.

मग नागनाथाचे दोन्ही हात ओढून घेतले, ओंजळ करायला लावली, आणि तिच्यावर झारी कलती केली.

काहीच आलं नाही.

बाबांनी झारी आणखी कलती केली. पार उपडी केली.

नागनाथाची ओंजळ कोरडीच.

टोपलीत कोतवालानं डोकं जरासं उचललं. गोदाक्काकडं बघितलं नाही, बाबांकडंही नाही. नागनाथाकडं बघत त्यानं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली...

“तोटी तर मोकळी झाली, नागनाथ,” बाबा म्हणाले. “मग पाणी का येत नाही?”