दोन उंबऱ्यांची जोगाई

पागेवाडीच्या माळावरचे हे जोगाईचे देऊळ तसे लहानच. शिखर बसके, भिंती जाड, समोर एक दीपमाळ आणि लिंबाचा पार. पण नवा माणूस पारावर टेकला की त्याची नजर हमखास देवळाच्या दारांवर जाते. दारे दोन आहेत, अगदी शेजारी शेजारी, मध्ये हातभर भिंत. दोन्हींची उंची सारखी, दोन्हींच्या उंबऱ्यांवर हळदीकुंकवाची सारखीच बोटे. एका दाराने आत जायचे आणि दुसऱ्याने बाहेर यायचे, असे लोकांना वाटते. तसे नाही. दोन्ही दारे आत जायचीच आहेत. का, ते आमच्या सासूबाईंनी मला सांगितले, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. तुम्ही उन्हातून आला आहात, पाणी प्या, म्हणजे सांगते.

फार पूर्वी, या माळावर कमरेएवढे गवत होते तेव्हाची गोष्ट. भीमेच्या काठचे घोडे तेव्हा नावाजलेले. अंगाने लहान, पण चिवट आणि शहाणे. इथल्या हैबतराव पाटलांकडे अशा घोड्यांची मोठी पागा होती, त्यावरूनच गावाला नाव पडले. पाटलांच्या घरी सगळे होते, फक्त पाळणा हलत नव्हता. त्यांच्या कारभारणीने, गोजाबाईने, जोगाईला नवस बोलला. दर शुक्रवारी उपास करायची, देवळाचा उंबरा स्वतःच्या हाताने सारवायची. "आई, एक तरी दे," म्हणायची. जोगाई उदार. तिने एकदम दोन दिल्या.

आता जुळ्यांत थोरली कोण, हे ओळखायला सुईण पहिल्या बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधते. कोंडाई सुईणीनेही बांधला. पण कोंडाई जशी बायकांची सुईण, तशीच पागेतल्या घोड्यांचीही. तिच्या हाताला गाठ एकच ठाऊक, घोडा बांधायची, ओढले की सुटणारी. दोघींना एकाच घंगाळात न्हाऊ घातले, कुणीतरी हात झटकला आणि दोरा पाण्यावर तरंगू लागला. दोन्ही बाळे सारखीच गोरी, सारखीच रडकी. कोंडाईने कपाळाला हात लावला.

"गोजाबाई, आता थोरली कोण ते जोगाईलाच ठाऊक गं बाई!"

गोजाबाई हसली म्हणे. दोन लेकी मिळाल्या होत्या, दोऱ्याचे काय? पण हसण्यावारी गेलेली ती गाठ पुढे सगळ्या गावाला जड गेली.

एकीचे नाव सकवार, दुसरीचे दर्या. बोलू लागल्या तशा दोघी एकच वाक्य म्हणू लागल्या, "मी थोरली!" सकवार म्हणे, माझा दात आधी आला. दर्या म्हणे, मी बोटभर उंच आहे. सणाला पहिली वेणी कुणाची, ओवाळताना पहिले निरांजन कुणाच्या हाती, पहिली पुरणपोळी कुणाच्या ताटात, यावरून घर डोक्यावर घेत. गोजाबाई पुरणपोळी मधोमध मोडून दोघींना एकदम वाढायची. मग पुरण कुणाच्या बाजूला जास्त गेले, यावरून भांडण.

जोगाईच्या देवळाला तेव्हा एकच दार होते. थोरलीने उंबरा आधी ओलांडायचा, ही रीत. त्यामुळे शुक्रवार आला की दोघी घोड्यांवर मांड टाकून माळावरून सुटायच्या. धुरळा उडायचा, वाटेतली शेरडे सैरावैरा पळायची. उड्या टाकून दोघी एकदमच दाराशी पोचायच्या आणि चौकटीत खांद्याला खांदा लावून अडकायच्या. भिवा गुरव आतून ओरडायचा, "लेकींनो, देवीचं दार आहे हे, पागेचं फाटक नव्हं! एकीनं तरी मागं सरा."

मागे कुणीच सरायचे नाही. शेवटी गुरवच बाहेर येऊन दोघींना तीर्थ द्यायचा.

लग्नाचे वय झाले तेव्हा मात्र गोजाबाईला घोर लागला. थोरलीला आधी उजवायचे, आणि एका घरातून एक लेक बाहेर पडली की वर्षभर त्या घरात दुसरे कार्य करायचे नाही, हा पाटलांच्या कुळाचा नेम होता. स्थळे यायची. पाहुणे सुपारी कातरत विचारायचे, "थोरली कोणती म्हणायची?" आतून दोन आवाज यायचे, "मी!" पाहुणे हसायचे, चार घास खायचे आणि निघून जायचे. "पाटील, आधी घरातलं निस्तरा, मग आम्हाला बोलवा."

अशात एका चैत्रात रायाजी नावाचा शिलेदार आपल्या पथकासाठी घोडे घ्यायला आला. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणारा. मिशीला पीळ, बोलण्यात मिजास. दर्याने त्याला पागेतला सर्वांत खट्याळ घोडा काढून दिला. रायाजी वर बसला नाही तोच शेणाच्या ढिगात. सगळी पागा हसली. रायाजी उठला, मिशीचे शेण पुसले आणि म्हणाला, "घोडा पसंत आहे. माणूस ओळखतो." त्या दिवशी दर्या पहिल्यांदा कुणाला तरी हरवून खूश झाली नाही, असे सांगतात. ती त्याच्यासाठी गरम पाणी घेऊन गेली.

त्याच पावसाळ्यात रांजणीचा खेमाजी आपली आजारी घोडी घेऊन आला. हा अगदीच वेगळा, अबोल. लोकांशी बोलायला लाजायचा, घोडीशी मात्र तासन्‌तास बोलायचा. सकवारने घोडीला काढा पाजला, पाय शेकले. घोडी बरी झाली तरी खेमाजी जाईना.

सकवार म्हणाली, "घोडी बरी झाली की तुमची."

"व्हय. पण तिला इथलं गवत आवडलंय," तो खाली बघून म्हणाला.

"गवत तिलाच आवडलंय ना?"

खेमाजीचे कान लाल झाले. सकवारला उत्तर मिळाले.

दोन्हीकडून मागणी आली. गोजाबाईने देवापुढे साखर ठेवली खरी, पण अडचण आता खरी उभी राहिली. रायाजीचे पथक तुळशीच्या लग्नानंतर उत्तरेच्या मोहिमेवर निघणार होते. पुन्हा कधी येणार, येणार की नाही, कोण सांगणार? तिकडे खेमाजीच्या आईने निरोप धाडला होता, की तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त साधला तर ठीक, नाहीतर माझ्या भावाची मुलगी मी सून करून आणते. मुहूर्त एक, लेकी दोन. एकीचे लग्न लागले की दुसरीने वर्षभर थांबायचे, आणि थांबणारी दोघींतली कुणीही असो, वर्षाने तिची वाट पाहणारा राहिला नसता.

हैबतराव म्हणाले, "देवीला कौल लावू." भिवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवली. उजवे आधी पडले तर सकवार थोरली, डावे पडले तर दर्या. सारा गाव फुलांकडे बघत बसला. दिवस कलला, फुले वाळली, पण जागची हलली नाहीत. भिवाने हात जोडले. "पाटील, आईच्या मनात काहीतरी आहे. पण ती सांगंना."

तुळशीच्या लग्नाची संध्याकाळ आली. उसाचा मांडव, चिंचा-आवळे, अक्षता, सगळे होते. मंगलाष्टके म्हणताना सकवारने बहिणीकडे पाहिले. दर्याचे लक्ष तुळशीकडे नव्हतेच. माळापलीकडे रायाजीच्या पथकाचे तंबू उतरवत होते, तिकडे ती बघत होती. मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या होत्या आणि गाल ओले झाले होते. सकवारने आजवर तिला कधी रडताना पाहिले नव्हते, कारण धाकटी रडते, असे दर्या म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकवार ओसरीवर वडिलांपुढे जाऊन उभी राहिली. "आबा, दर्या थोरली. मी धाकटी. तिचं लग्न लावा."

हैबतरावांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. आतून दर्या धावत आली.

"काय म्हणालीस?"

"थोरली तू."

"वा गं वा! जन्मभर माझं डोकं खाल्लंस, आणि आता धाकटी होतेस? मी नाही थोरली. थोरली तूच."

"माझा दात आधी आला तर काय झालं! उंच तू आहेस."

"उंचीवर काय असतं? बाभळ कुठं तुळशीपेक्षा थोर असते? रांजणीचा निरोप आला त्या दिवशी तू भाकरीच्या पिठात मीठ दोनदा घातलंस. आख्ख्या घरानं गपचूप खाल्ली. मला दिसत नाही का?"

"तू आपल्या तंबूंकडं बघ!"

"तू आपल्या मिठाकडं बघ!"

गोजाबाई दाराआडून ऐकत होती. पदराने डोळे पुसावेत की हसावे, तिला कळेना.

भांडण मिटेना, तेव्हा देवीपुढेच सांगायचे ठरले. दोघींनी घोडे काढले. सारा गाव मागे निघाला, रायाजी आणि खेमाजीही. पण त्या दिवशी माळावर जे दिसले ते आधी कुणी पाहिले नव्हते. दोघी लगाम आवळून धरत होत्या. जी आधी पोचेल ती थोरली, म्हणून दोघीही मागे राहायला बघत होत्या. घोड्यांना हे काय चालले आहे ते समजेना. नेहमी उधळणारी जनावरे बैलगाडीसारखी चालली होती. रायाजी खेमाजीला म्हणाला, "ही शर्यत मी जन्मात जिंकली नसती." खेमाजी, न बोलणारा, तोही हसला.

देवळाशी येऊन दोघी खाली उतरल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या.

"जा आत, थोरले!" सकवार म्हणाली.

"आधी तू, थोरले!" दर्या म्हणाली.

ऊन डोक्यावर आले. आत भिवाचा नैवेद्य निवत होता. "आत या गं बायांनो," तो काकुळतीला आला, "पूर्वी एकीला मागं व्हा म्हणून घसा बसला, आता पुढं व्हा म्हणून बसतोय!"

गोजाबाईला राहवले नाही. ती पुढे झाली, उंबऱ्यावर डोके ठेवले आणि म्हणाली, "आई, तू मला दोन दिल्यास. एक पुढं, एक मागं, असं तू दिलंच नव्हतंस. तो दोरा आम्ही बांधला होता. चूक आमची. आता तूच सोडव."

असे सांगतात, की तिने डोके उचलले आणि दाराशेजारची भिंत आतून कुणी हात लावावा तशी हलली. दगड एकेक करत अलगद खाली आले, कुणाला खरचटलेसुद्धा नाही. धुरळा बसला तेव्हा जुन्या दाराशेजारी माणूस जाईल एवढी दुसरी वाट झाली होती. तिच्यातून मूर्ती तितकीच सरळ दिसत होती. त्याच क्षणी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवरची वाळलेली फुले एकदम खाली पडली. त्या सालच्या पावसाने भिंत भिजून पोकळ झाली होती, असेही काहीजण म्हणतात. असेल. पण पाऊस गावातल्या साऱ्याच भिंतींवर पडला होता.

बहिणींनी एकमेकींकडे पाहिले. एक या वाटेशी उभी राहिली, एक त्या. उजवी पावले दोघींनी एकदम आत टाकली.

भिवा गुरवाने पडलेली फुले ओंजळीत उचलली. "पाटील, आईनं कौल दिला. धाकटी कुणी नाही. दोघी थोरल्या."

"आणि कुळाचा नेम?" हैबतराव म्हणाले. "एका घरातून वर्षात दोन लेकी जात नाहीत."

गोजाबाई म्हणाली, "घरातून नका धाडू. आईच्या देवळातून जाऊ द्या. हिचं दार वेगळं, तिचं दार वेगळं. दोन दारं म्हणजे दोन घरं झाली की!"

हैबतराव तर म्हणे आधीच पागोटे सारखे करत होते.

त्या एकाच मुहूर्तावर इथे दोन लग्ने लागली. मंगलाष्टके एक, अंतरपाट दोन. सकवार एका दाराने बाहेर पडून रांजणीला गेली, दर्या दुसऱ्या दाराने पथकाबरोबर. जाण्यापूर्वी दोन्ही जावयांनी भिंतीच्या त्या वाटेला स्वतःच्या हातांनी चौकट बसवली. रायाजी दगड उचलताना फार बोलला आणि खेमाजीने ते सगळे उचलले. मोहीम संपवून रायाजी आणि दर्या सुखरूप परतले, आणि पुढे दर श्रावणात दोन्ही बहिणी पोराबाळांसह इथे भेटायच्या. भांडायच्याही. भांडण मात्र एकच, थोरली तू, नाही तू.

आजही पागेवाडीत कुणी सख्ख्या बहिणींची ओळख थोरली-धाकटी म्हणून करून देत नाही. तुम्ही विचारून पाहा, दोघी एकमेकींकडे बोट दाखवतील. लग्न ठरलेली मुलगी बहिणीला घेऊन इथे येते, बहीण नसली तर मैत्रिणीला, तीही नसली तर शेजारणीला. दोघी दोन दारांशी उभ्या राहतात आणि "आधी तू", "नाही, आधी तू" असा हट्ट चालतो. वरपक्ष घाम पुसत असतो, भटजी मुहूर्त निघाला म्हणून ओरडत असतात. मग आतून गुरवीण घंटा वाजवते आणि नैवेद्याच्या ताटावरून हाक मारते, "या गं थोरल्यांनो, आत या!"

आणि दोघी पाऊल एकदम टाकतात.