तळाचा लाल ठिपका

माणसाने माळावर पाऊल ठेवले नव्हते तेव्हाची, भर दुपारची ही घटना. आकाशात घार घिरट्या घालत होती. खाली चितारी सरडा टिटवीची अंडी हुबेहूब खड्यांसारखी रंगवत होता. शेवटी त्याने प्रत्येक अंड्याच्या तळाशी लाल ठिपका दिला.

"हे काय, सरडोबा?" टिटवी दचकली.

"माझी सही! सेनापती कोल्होबांचा हुकूमच आहे. पहाऱ्यावरच्यांना आपली अंडी ओळखू यायला हवीत."

"आणि घारीने ओळखली तर?"

"वरून तळ दिसतो का, वेडाबाई?"

तेवढ्यात घार माळावर उतरली आणि चोचीने एकेक खडा उलटून त्याचा तळ पाहू लागली.

संध्याकाळी घरटे रिकामे होते. पहाऱ्यावरच्यांना अजून कळवलेही नव्हते; ठिपका सेनापती, सरडा आणि टिटवी यांनाच ठाऊक होता. घारीला तो कोणी सांगितला, याचे उत्तर सेनापतींनी अजून दिलेले नाही.