कारभाऱ्याची बुटकी झाडं

दोष कारभाऱ्याचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे गोष्ट संपल्यावर कुणी पावसाला नाहीतर नशिबाला शिव्या द्यायला नकोत. झाडं विकणाऱ्याचा दोष थोडा होता, कुंभाराचा थोडा होता, ओट्यावर बसून माना डोलावणाऱ्या म्हाताऱ्यांचा तर बराच होता. पण मुळात दोष कारभाऱ्याचाच.

फार फार जुन्या काळी, राजाचं नाव कुणाला आठवू नये इतक्या जुन्या काळी, एक गाव होतं. गावाशेजारी मोठं तळं होतं आणि तळ्याला मातीचा उंच बांध होता. गाव बसलेलं उंचावर. बांधाच्या बरोबर खाली, ओलाव्याच्या जमिनीत, खालची वाडी होती. पिकं वाडीतली, धान्य वाडीतलं, आणि शहाणपण सांगायला वरचं गाव. हे तेव्हाही असंच होतं.

ज्यांनी बांध घातला त्यांनी त्याच्या अंगावर उंबर आणि करंज लावले होते. मुळांनी दगडमाती घट्ट धरून ठेवावी म्हणून. शेळ्या यायच्या, कोवळे शेंडे खाऊन जायच्या. त्यामुळे ती झाडं वर कधी गेलीच नाहीत. उंची गुडघ्याएवढी, खोड मात्र मांडीएवढं जाड, आणि मुळं दगडांना विळखा घालून खोल आत गेलेली.

या बांधाची राखण कारभाऱ्याकडे होती. त्याच्या आधी ती त्याच्या बापाकडे होती. त्याच्या घरच्या ओट्यावर एक नगारा होता. बांधाला धोका दिसला की कारभाऱ्यानं नगारा वाजवायचा. तो ऐकला की खालच्या वाडीनं पोराबाळांसकट वर पळायचं, आणि वरच्या गावानं घमेली-फावडी घेऊन बांधावर जायचं. मग कारभाऱ्यानं सगळ्यांसमोर बोट करून दाखवायचं, की बांध इथं कच्चा झालाय. रीत अशी होती. दुसऱ्या कुणी नगाऱ्याला हात लावायचा नाही, हीसुद्धा रीतच.

कारभाऱ्याची बायको वारली होती. एकुलती एक लेक होती, ती त्यानं खालच्या वाडीतच दिली होती. घर खायला उठायचं. अशात एका जत्रेत त्याला परातीएवढ्या कुंडीत लावलेला वड दिसला. वीतभर उंचीचा, पण पारंब्यांसकट! कारभारी तिथंच उकिडवा बसला आणि त्या वडाकडे बघत राहिला. दुपार टळली तरी उठला नाही. शेवटी वड घेऊनच घरी आला.

एकट्या माणसाला काहीतरी हौस असावी. तिथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

पण एका झाडावर कुणाचं भागलंय? वडाशेजारी चिंच आली. चिंचेला साजेशी कुंडी हवी म्हणून कुंभाराकडे गेला, तर कुंभारानं एकीऐवजी दोन गळ्यात मारल्या. म्हणाला, "कारभारी, रिकामी कुंडी दारात बरी दिसत नाही हं. घर ओसाड वाटतं." मग त्या रिकाम्या कुंडीसाठी झाड आलं. ते झाड कुंडीत मावेना, म्हणून मोठी कुंडी आली. मग लहान कुंडी रिकामी झाली. असं ते चक्र. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही, तरी कारभारी बाजारातून येताना काखेत काहीतरी असायचंच.

गावातली म्हातारी मंडळी रोज ओट्यावर येऊन बसायची. पानाचं तबक फिरायचं, आणि झाडांचं कौतुक चालायचं.

"खोड बघा खोड! काय वय असेल हो याचं?"

"वय म्हणजे, आपल्या आज्यापणज्याच्या वेळचं असणार."

"वयाची सर कशाला येत नाही, कारभारी. ही कोवळी रोपटी काढून टाका. वयाचं झाड आणा, वयाचं!"

म्हाताऱ्यांना म्हातारपणाचं कौतुक. आरशात बघावं तसे ते त्या झाडांकडे बघायचे.

कारभाऱ्यानं ते मनावर घेतलं. झाडं विकणारा दारात आला तेव्हा त्याला म्हणाला, "असली कालची पोरं नकोत मला. जुनं आण. गाठीगाठीचं खोड असलेलं, मुळांनी दगड धरलेलं."

"तसलं मिळेल की," झाडवाला म्हणाला. "डोंगरात हिंडावं लागेल. पण कुठून आणलं, कसं आणलं, ते विचारायचं नाही."

"मी कशाला विचारतोय?"

आणि खरंच विचारलं नाही. पुढच्या बाजाराला झाडवाल्यानं गोणपाटात गुंडाळलेला उंबर आणला. जुनाट, वाकडा, मुळांच्या मिठीत दगड. कारभाऱ्यानं भावसुद्धा केला नाही. त्यानं तो उंबर न्हाणीत नेला आणि मुळं धुवायला घेतली. मातीबरोबर बारीक बारीक शिंपले सुटून खाली पडले. पांढरे, नखाएवढे.

ते कुठले, हे त्याला कळलं. जन्म त्या तळ्याच्या काठावर गेलेला, त्याला कळणार नाही तर कुणाला? त्यानं एक शिंपला बोटांत फिरवून पाहिला. मग मनात म्हणाला, एवढा मोठा बांध, एका झाडानं काय होतंय. आणि तांब्याभर पाणी ओतून शिंपले मोरीत घालवून दिले.

त्यानंतर करंज आला. मग आणखी एक उंबर. त्याच सुमाराला कुंभाराच्या कुंड्याही सुधारल्या. काळ्या, गुळगुळीत, टिचकी मारली की घंटेसारख्या वाजणाऱ्या. "माती कुठली रे ही?" कारभाऱ्यानं एकदा विचारलं. कुंभार हसला. "कारभारी, कुंडी आवडली ना? मग मातीचं काय घेऊन बसलात?" कारभारीही हसला. बांधाच्या पोटात पाणी अडवायला भरलेली काळी चिकणमाती कशी असते, हे त्याला बापानं लहानपणीच हातात देऊन दाखवलं होतं.

झाड कुंडीत बसवायचं म्हणजे त्याची मोठी मुळं छाटावी लागतात. ते काम कारभारी स्वतः करायचा. हलक्या हातानं, जीव लावून.

एक दिवस त्याची लेक आली. कडेवर भाजीची पाटी होती. ती अंगणात थबकली, एका नव्या झाडापाशी वाकली, आणि मुळांच्या बेचक्यातून काहीतरी नखानं उकरून काढलं.

"आबा, डोंगरात शिंपले कधीपासून लागायला लागले?"

ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या.

"ठेव ते," कारभारी म्हणाला.

"हे बांधावरचं झाड आहे. मी रोज त्याच्याजवळून जाते. तिथं आता खड्डा आहे. एक नाही, जागोजागी खड्डे आहेत. तळाशी कुणीतरी माती उकरून नेलीय, तिथं म्हैस बसेल एवढी कपार झालीय. आम्ही बायका पाट्यांनी माती टाकतोय, पण ती टिकत नाही. ह्यांना सांगितलं, ते म्हणतात तुझा बाप राखणदार आहे, त्याला ठाऊक असेल. आहे का तुम्हाला ठाऊक?"

कारभाऱ्याऐवजी एक म्हातारा बोलला. "पोरी, तुझं वय काय, तू बोलतेस काय? बापानं बांध राखला म्हणून तू एवढी झालीस."

"राखला ना? मग झाडं इथं कशी आली, काका?"

"तोंड बघा हिचं!" दुसरा म्हणाला. "सासरी असंच बोलतेस वाटतं?"

सगळे हसले. कारभारी हसला नाही, पण त्यांना गप्पही बसवलं नाही. तिनं बापाकडे पाहिलं, त्यानं झाडाकडे. तिनं भाजी उंबऱ्यात ठेवली आणि निघून गेली.

बांध दुरुस्त करायला तेव्हा वेळ होता. गाव बोलवायचं, बोट करून दाखवायचं, माफी मागायची. दोन-चार दिवस लोक थुंकले असते. त्यापलीकडे काही झालं नसतं. पण म्हाताऱ्या माणसाला थुंकी सहन होत नाही. कारभाऱ्यानं ठरवलं, पाऊस संपला की गुपचूप मजूर लावू आणि खड्डे बुजवू. आणि असं ठरवून झाल्यावर, मन हलकं वाटलं म्हणून, एक नवी कुंडी आणली.

पाऊस संपतच आला होता. हस्त नक्षत्र लागलं आणि तो असा कोसळायला लागला की समोरचं घर दिसेना. तळं काठोकाठ भरलं.

त्या दिवशी दुपारी लेक धावत वर आली. नखशिखांत भिजलेली, पाय चिखलानं पोटरीपर्यंत माखलेले. कारभारी अंगणातून ओट्यावर कुंड्या हलवत होता. पावसानं माती वाहून जात होती ना कुंड्यांची. म्हातारी मंडळी ओट्यावर अंग चोरून बसली होती.

"आबा, नगारा वाजवा! बांधातून पाणी झिरपतंय. गढूळ पाणी!"

कारभाऱ्याच्या हातात करंजाची कुंडी होती. गढूळ पाणी म्हणजे काय, ते त्याला बरोबर ठाऊक होतं. बांध आतून वाहून चाललाय, एवढाच त्याचा अर्थ.

"बघतो," तो म्हणाला. "एवढ्या ह्या आत घेतो आणि बघतो."

"आबा!"

"एकदम नगारा वाजवून कसं चालेल? सगळा गाव येईल बांधावर."

"यायलाच पाहिजे!"

"आणि मग मी काय दाखवू त्यांना?" हे तो इतक्या हळू बोलला की फक्त तिलाच ऐकू गेलं.

ती मग वळली, सरळ नगाऱ्यापाशी गेली आणि टिपरी उचलली. म्हातारे ताडकन उठले. एरवी ज्यांना उठायला दुसऱ्याचा हात लागायचा, ते उठले.

"बाईमाणसानं हात लावायचा नाही त्याला!"

"कारभारी, आवरा तिला! घराण्याची लाज घालवतेय."

कारभाऱ्यानं कुंडी नीट खाली ठेवली, कडेला धक्का लागणार नाही अशी. मग तो पुढं झाला आणि त्यानं लेकीच्या हातातून टिपरी काढून घेतली.

ती झगडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्याच हातात आहे आता ती. वाजवा की."

त्यानं नगारा वाजवला नाही.

ती पावसात धावत सुटली, खालच्या वाडीकडे. दारोदार गेली, कड्या वाजवल्या. "निघा! बांध फुटतोय!" लोकांनी दारं किलकिली करून तिला विचारलं, "अगं, पण नगारा कुठं वाजलाय?" कारभाऱ्याचीच लेक, आणि कारभारी तर गप्प. धोका असता तर बापानं आधी लेकीला वर बोलावून घेतलं नसतं का? लोकांचा हिशेब चुकीचा नव्हता. कुठलाही बाप तेच करील, असं त्यांना वाटलं.

मग गल्लीतून घोट्याएवढं तांबडं पाणी आलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. पळापळ झाली. बरेचसे वर पोचले. तिचा नवरा लेकराला खांद्यावर घेऊन पोचला. ती मात्र एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला उचलायला आत शिरली होती. तेवढ्यात वर बांध फुटला. आवाज असा झाला, की वरच्या गावात ओट्यावरच्या कुंड्या एकमेकींवर आपटून किणकिणल्या.

त्या वेळी कारभाऱ्यानं नगारा वाजवला. जोरजोरात, हात सोलून निघेपर्यंत. खाली ऐकायला कुणी नव्हतं.

पाणी ओसरल्यावर म्हातारी मंडळी समाचाराला आली. "देवाची मर्जी, कारभारी," म्हणाली. "पाऊसच तसा झाला." म्हाताऱ्यांनी चहूकडे पाहिलं, आणि त्यातला एक सवयीनं म्हणून गेला, "झाडं मात्र सगळी वाचली हो." तेव्हा कारभारी उठला आणि आत गेला.

नगारा गावानं त्याच्या ओट्यावरून उचलून नेला. जावई लेकराला घेऊन दुसऱ्या गावी गेला, जाताना भेटलाही नाही. कारभाऱ्यानं एकेक कुंडी फोडली आणि ती झाडं डोक्यावरून वाहून नेऊन उरलेल्या बांधावर परत लावली. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. पण कुंडीत मावावीत म्हणून त्यांची मुळं त्यानंच छाटलेली होती. उन्हाळा लागायच्या आत सगळी वाळली. एकानंही माती धरली नाही.

तात्पर्य: ज्याला आपली चूक बोट करून दाखवायची लाज वाटते, त्याच्या हाती दुसऱ्यांचे जीव देऊ नयेत.

कारभाऱ्याची लेक गेली. तिचं शरीरही सापडलं नाही.